इमाम घडवायचे कुठे, आणि त्यांचा पगार द्यायचा कुणी?

आरती_राईनकाठ

डिसेंबर २०२३ मध्ये जर्मनीच्या गृहमंत्रालयाने तुर्कस्तानच्या 'दियानेत'शी, म्हणजे तिथल्या सरकारी धर्मखात्याशी, एक समझोता केला. तुर्कस्तानातून इमाम पाठवणं टप्प्याटप्प्याने बंद करायचं आणि त्याऐवजी दरवर्षी १०० इमाम जर्मनीतच शिकवून तयार करायचे. इथल्या वर्तमानपत्रांत यावर खूप लिहून आलं. मराठीत मला काही सापडलं नाही, म्हणून हा धागा काढते आहे.

थोडी पार्श्वभूमी. १९६१ साली पश्चिम जर्मनीने तुर्कस्तानशी कामगार आणण्याचा करार केला. आलेली माणसं दोन-चार वर्षांत परत जातील असं दोन्ही सरकारं धरून चालली होती, त्यामुळे त्यांच्या नमाजाची, दफनाची, मुलांच्या धर्मशिक्षणाची व्यवस्था कुणीच केली नाही. सुरुवातीच्या मशिदी म्हणजे कामगारांच्या वसतिगृहातली एखादी खोली नाहीतर जुन्या इमारतीच्या मागच्या आवारातलं गोदाम. १९८४ मध्ये कोलोनमध्ये 'डिटिब' ही संघटना उभी राहिली. आज तिच्या छत्राखाली सुमारे ९०० मशिदी आहेत. त्यांतले इमाम दियानेतचे नोकर. पगार अंकाराहून येतो, नेमणूक साधारण चार-पाच वर्षांची असते. माणसाला भाषा यायला लागते, गल्लीतली पोरं ओळखीची होतात, तेवढ्यात परतीची वेळ येते आणि नवा माणूस पहिल्यापासून सुरुवात करतो. इकडे तिसऱ्या पिढीतली मुलं आपसात जर्मन बोलतात आणि शुक्रवारचा खुतबा (प्रवचन) तुर्की भाषेत ऐकतात.

२०१६ मध्ये तुर्कस्तानात लष्करी उठाव फसला. त्यानंतर डिटिबच्या काही इमामांनी इथल्या गुलेन समर्थकांची (तुर्की सरकारने ज्या धर्मगुरूला उठावासाठी जबाबदार धरलं त्याच्या अनुयायांची) माहिती दूतावासाला कळवल्याचं उघड झालं. चौकशी झाली, खटले मात्र उभे राहिले नाहीत. पण तेव्हापासून जर्मन राजकारणात इमाम हा विषय पोलिसी नजरेतूनच बघितला जातो.

मी इथल्या एका रुग्णालयात वेदनाशमन विभागात काम करते, त्यामुळे माझी नजर वेगळी आहे. आमच्याकडे ख्रिस्ती रुग्णांसाठी चर्चने नेमलेले, पगारी, त्या कामाचं शिक्षण घेतलेले लोक असतात. मरणाऱ्या माणसाजवळ कसं बसायचं, नातेवाइकांमध्ये भांडण लागलं तर काय करायचं, डॉक्टर 'आता यंत्रं काढूया' म्हणतात तेव्हा कुटुंबाला काय सांगायचं, हे त्यांना शिकवलेलं असतं. मुस्लिम रुग्णांसाठी बहुतेक ठिकाणी स्वयंसेवक येतात. मनाने फार चांगली माणसं, पण दिवसभराची नोकरी उरकून संध्याकाळी येणारी. जर्मनीत आज सुमारे ५५ लाख मुस्लिम आहेत. कामगार म्हणून आलेली ती पहिली पिढी आता ऐंशीच्या पुढे गेली आहे आणि आमच्या वॉर्डांत येते आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे की इमामाचं शिक्षण हा प्रश्न भाषेचा आणि निष्ठेचा आहे असं सगळे समजतात. माझ्या मते तो नोकरीचा आहे. शिकलेल्या माणसाला पोट भरेल एवढा पगार कोण देणार हे ठरत नाही तोवर अभ्यासक्रम कितीही चांगले काढा, उपयोग होणार नाही. तुम्हाला काय वाटतं?

नदीपल्याड

आरतीताई, धागा आवडला. एक मूलभूत शंका. सरकारने यात पडावंच का? आपण भारतात म्हणतो की राज्याने धर्मापासून लांब राहावं. पाश्चात्त्य देश तर आपल्यापेक्षा जास्त सेक्युलर. मग जर्मन करदात्याच्या पैशातून इमाम का शिकवायचे?

आरती_राईनकाठ

@नदीपल्याड, 'पाश्चात्त्य' हे एकसारखं नाही, इथेच गोम आहे. फ्रान्समध्ये १९०५ च्या कायद्याने राज्य कुठल्याही पंथाला पैसे देत नाही. त्यामुळे तिथे सरकार इमाम शिकवूच शकत नाही. विद्यापीठांत फक्त कायदा, समाज, धर्मनिरपेक्षता असे विषय असलेले छोटे डिप्लोमा निघाले. त्यातला पहिला २००८ साली पॅरिसच्या कॅथलिक संस्थेत सुरू झाला, कारण सरकारी विद्यापीठाला ते अवघड वाटत होतं! २०२० मध्ये मॅक्राँनी म्युलूझ इथे जाहीर केलं की तुर्कस्तान, अल्जीरिया आणि मोरोक्कोने पाठवलेले इमाम येणं बंद होईल. असे सुमारे ३०० होते. २०२४ पासून ते अमलातही आलं. पण त्यांच्या जागी कोण, याची सोय त्याच वेगाने झाली नाही.

जर्मनीत व्यवस्था उलटी आहे. इथे राज्य आणि धर्मसंस्था सहकार्याने चालतात. कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट धर्मशास्त्र सरकारी विद्यापीठांत शिकवलं जातं, शाळेत धर्माचा तास घटनेने दिलेला आहे, चर्चचा कर सरकारी यंत्रणा गोळा करून देते. मग मुस्लिमांनाच का नाही, हा समानतेचा प्रश्न झाला. २०१० मध्ये इथल्या विज्ञान परिषदेने शिफारस केली आणि ट्युबिंगेन, म्युन्स्टर, ओस्नाब्रुक, फ्रांकफुर्ट, एर्लांगेन-न्युर्नबेर्ग इथे इस्लामी धर्मशास्त्राची केंद्रं निघाली. पुढे २०१९ मध्ये बर्लिनच्या हुम्बोल्ट विद्यापीठातही.

तिथून शिकलेली मुलं-मुली इमाम झाली का? फार थोडी. बहुतेक जण शाळेत इस्लामचे शिक्षक झाले, समाजकार्यात गेले, काही संशोधनात. शाळेतल्या शिक्षकाला सरकारी वेतनश्रेणी मिळते. मशीद म्हणजे नोंदणीकृत संस्था, वर्गणीवर चालणारी. भाडं आणि हीटिंगचं बिल भरता भरता कमिटीच्या नाकी नऊ येतात. दियानेतचा इमाम त्यांना फुकट मिळत होता. विद्यापीठाची पदवी घेतलेल्या माणसाला त्या बदल्यात महिन्याला काय देणार?

बाणकोटचा_लेस्टरकर

सलाम आणि नमस्कार सगळ्यांना. मी कोकणी मुसलमान, मूळ बाणकोट खाडीकाठचा, लेस्टरमध्ये मुलंबाळं वाढली. आरतीताईंचं जर्मनीचं चित्र वाचलं. आमच्याकडे ब्रिटनमध्ये गोष्ट पूर्ण वेगळी आहे, ती सांगतो.

इथे सरकारने काही केलं नाही, लोकांनीच केलं. १९७० च्या दशकात मँचेस्टरच्या बाजूला बरी गावाजवळ होलकंब इथे गुजराती मूळ असलेले युसूफ मोताला यांनी पहिलं दारुल उलूम (इस्लामी धर्मविद्यालय) काढलं. मग ड्यूजबरी, मग बाकीची. आज वीसहून जास्त आहेत आणि बहुसंख्य देवबंदी, म्हणजे उत्तर प्रदेशातल्या देवबंदच्या मदरशाच्या वळणाची. म्हणजे इमाम इथेच जन्मलेले, इथेच शिकलेले, फुटबॉलवर तासभर बोलू शकणारे. जर्मनीला जे आता हवं आहे ते आमच्याकडे चाळीस वर्षांपासून आहे. तरी प्रश्न सुटला का? नाही.

अभ्यासक्रम दर्स-ए-निझामी. अठराव्या शतकात लखनौच्या फिरंगी महालात मुल्ला निझामुद्दीन यांनी घडवलेला. त्या काळी तो दरबारात काझी, मुन्शी, कारभारी तयार करायचा. त्यात तर्कशास्त्र होतं, गणित होतं, तत्त्वज्ञान होतं. म्हणजे तो त्या काळच्या राज्यकारभाराला उपयोगी शिक्षण होता. १८६६ साली देवबंद स्थापन झालं तेव्हा राज्य इंग्रजांचं होतं, काझीची नोकरी उरली नव्हती, म्हणून भर हदीसवर (प्रेषितांच्या वचनांवर) आणि धर्म टिकवण्यावर गेला. तोच अभ्यासक्रम लँकेशायरच्या टेकडीवर आला. सहा ते आठ वर्षं अरबी व्याकरण, फिक्ह (धर्माचा कायदा), हदीस. बरीच वर्षं माध्यमही उर्दू. मी त्याची टिंगल करू देणार नाही, त्यात फार मोठी शिस्त आहे. तेराव्या-चौदाव्या वर्षी घर सोडून गेलेला मुलगा बाविशीत बाहेर पडतो तेव्हा त्याची स्मरणशक्ती आणि सचोटी बघून मान आदराने झुकते.

पण मग तो मशिदीत लागतो. पहिल्याच महिन्यात एक बाई येते, नवरा मारतो म्हणून. दुसरा येतो, मुलगा ड्रग्जमध्ये गेलाय. तिसऱ्याच्या मुलीला आवाज ऐकू येतात आणि घरचे म्हणतात जिन्न आहे. फिक्हच्या किताबात याचं उत्तर नसतं. तिला डॉक्टरकडे पाठवायचं आणि घरच्यांचा विश्वासही टिकवायचा, हे कुणीतरी शिकवावं लागतं.

आणखी एक, कायद्याचं. इथे मशिदीत निकाह झाला आणि सरकारी नोंदणी केली नाही तर कायद्याने ते लग्नच नाही. एका जोडप्याचा निकाह १९९८ साली लंडनच्या एका उपाहारगृहात झाला होता, नोंदणी राहून गेली. घटस्फोटाची वेळ आली तेव्हा प्रकरण वरच्या कोर्टापर्यंत गेलं आणि २०२० मध्ये अपील कोर्टाने सांगितलं की हा विवाह रद्दबातलसुद्धा म्हणता येत नाही, कारण कायद्याच्या लेखी तो झालाच नाही. म्हणजे घरात हिस्सा नाही, पोटगी नाही. निकाह पढवणाऱ्या इमामाने त्या दिवशी फक्त 'नोंदणीचा कागद दाखवा' एवढं विचारायला हवं. २०१८ मध्ये मोना सिद्दीकींच्या, सरकारने नेमलेल्या समितीनेही नोंदणी सक्तीची करा असंच सुचवलं होतं.

सत्यशोधक_वाचक

लेस्टरकरांचा प्रतिसाद मोलाचा आहे. पण मला मुळातच जावंसं वाटतं. हमीद दलवाईंनी १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं तेव्हा त्यांचा आग्रह होता की धर्मग्रंथाकडेही इतिहास म्हणून बघता आलं पाहिजे. समुपदेशन, कायदा, भाषा हे सगळं वरचं आहे. जो इमाम स्वतःच्या परंपरेची चिकित्सा करू शकत नाही तो आधुनिक समाजात मार्गदर्शन काय करणार? जर्मन विद्यापीठांत ही चिकित्सा शिकवली जाते ना? मग मशिदींना ते पदवीधर नकोत याचं कारण पैसा आहे की भीती?

आरती_राईनकाठ

@सत्यशोधक_वाचक, दोन्ही. आणि तुमच्या प्रश्नावर जर्मनीत एक प्रत्यक्ष प्रकरण घडलेलं आहे. म्युन्स्टरला २००४ मध्ये स्वेन कालिश यांना इस्लामच्या शिक्षकांना शिकवण्यासाठी प्राध्यापक नेमलं. ते स्वतः किशोरवयात मुस्लिम झालेले. २००८ मध्ये त्यांनी लिहिलं की प्रेषित मुहंमद ऐतिहासिक व्यक्ती म्हणून बहुधा झालेच नाहीत. मुस्लिम संघटनांनी सहकार्य थांबवलं, त्यांच्याकडून शिक्षक घडवण्याचं काम काढून घेतलं गेलं, प्राध्यापकपद राहिलं. २०१० मध्ये त्यांनी इस्लाम सोडल्याचं सांगितलं.

कालिश यांना तसं लिहिण्याचा पूर्ण हक्क होता. पण पालकांनी आपल्या मुलांना धर्म शिकवायला त्यांचे विद्यार्थी का स्वीकारावेत? जर्मन घटनेच्या सातव्या कलमात स्पष्ट आहे की शाळेतला धर्माचा तास त्या त्या धर्मसमुदायाच्या तत्त्वांना धरून असेल. म्हणून प्रत्येक केंद्राला मुस्लिम प्रतिनिधींचं सल्लागार मंडळ जोडण्याची कल्पना आली. कालिश यांच्या जागी आलेले मोहानद खोर्शिदे ईश्वराच्या दयेला केंद्रस्थानी ठेवून मांडणी करतात. त्यांनाही संघटनांचा विरोध झाला, पण ते टिकले आणि त्यांचे विद्यार्थी शाळांत आहेत. म्हणजे चिकित्सेला जागा आहे. पण इमाम ज्यांच्यापुढे उभा राहणार त्यांचा विश्वास नसेल तर तो रिकाम्या मशिदीत बोलेल. दलवाईंबद्दल मला अपार आदर आहे. ते इमाम घडवायला निघाले नव्हते, ते समाज बदलायला निघाले होते. ती दोन वेगळी कामं आहेत.

सत्यशोधक_वाचक

हे पटतं काही अंशी. पण 'विश्वास' या नावाखाली कमिटीतल्या चार ज्येष्ठ पुरुषांची मर्जी चालू राहते, हेही लक्षात घ्या.

नसीम_मिरज

वरच्या ओळीशी शंभर टक्के सहमत, आणि म्हणून विचारते, या सगळ्या चर्चेत बायका कुठे आहेत? मुलींसाठीही आलिमा (धर्मपंडित स्त्री) होण्याचे अभ्यासक्रम असतात, ब्रिटनमध्येही आहेत. शिकून बाहेर पडल्यावर तिने काय करायचं? घरी मुलांना कुराण शिकवायचं, बस. लेस्टरकरभाईंनी जी मार खाल्लेली बाई सांगितली, ती इमामाच्या खोलीत एकटी जाऊन बोलणार आहे का? ती आधी कुणा बाईशीच बोलेल. मशिदीतल्या पगारी जागांमध्ये एक जागा बाईची असलीच पाहिजे. नमाज पढवण्याचा वाद बाजूला ठेवा हवं तर. रुग्णालय, तुरुंग, शाळा, समुपदेशन, या कुठल्याच कामाला पुरुष असण्याची अट नाही.

आरती_राईनकाठ

नसीमताई, अगदी. ओस्नाब्रुकला 'इस्लामकोलेग डॉइचलांड' म्हणून संस्था आहे, तिथे २०२१ पासून शिकवणं सुरू झालं. तिथे स्त्रियाही शिकतात. इमाम म्हणून नमाज पढवायला त्या जाणार नाहीत, पण समुपदेशन आणि समाजशिक्षणासाठी जातील. ही संस्था विद्यापीठाच्या पदवीनंतरचा प्रत्यक्ष कामाचा भाग शिकवते: कुराणपठण, खुतबा तयार करणं, दफनविधी, आजारी माणसाची भेट, नागरिकशास्त्र. सगळं जर्मन भाषेत. प्रॉटेस्टंट पाद्र्यालाही विद्यापीठानंतर असा प्रत्यक्ष कामाचा काळ काढावा लागतो, तोच नमुना. पैसा केंद्र सरकार आणि नीडरझाक्सन राज्याचा.

डिटिब मात्र यात नाही. त्यांनी आयफेल डोंगराळ भागात डालेम गावी २०२० मध्ये स्वतःचं केंद्र काढलं. मिल्ली ग्योरुश ही तुर्की संघटना आणि दुसऱ्या एका मोठ्या संघटनेची आपापली व्यवस्था आहे. म्हणजे ज्यांच्याकडे सर्वांत जास्त मशिदी आहेत ते बाहेर, आणि ओस्नाब्रुकमधून शिकून निघालेल्यांना जागा देणाऱ्या मशिदी थोड्या.

दफनाचं एक सांगते, कारण हे शिकवावंच लागतं. इथल्या अनेक राज्यांत मृत्यूनंतर ४८ तास दफन करता येत नाही, आणि शवपेटीची सक्ती असायची. बाडेन-व्युर्टेम्बेर्गने ती २०१४ मध्ये काढली, बायर्नने २०२१ मध्ये. दर राज्याचा नियम निराळा. दुःखात बुडालेल्या घराला आपल्या राज्यात कफनात दफन करता येतं हे वेळेवर सांगणारा कुणी नसेल तर मय्यत विमानाने तुर्कस्तानला पाठवली जाते, आणि मग कबरीवर जायला मुलांना विमानाचं तिकीट काढावं लागतं.

शुभदा_मिशिगन

अमेरिकेचं थोडं. इथे ही वाट मशिदीबाहेरून निघाली. लष्कर, तुरुंग, रुग्णालयं आणि विद्यापीठं यांना पूर्वीपासूनच धर्मसेवक नेमायची सवय होती. १९९३ मध्ये अमेरिकी लष्कराने पहिला मुस्लिम धर्मसेवक नेमला, १९९९ मध्ये जॉर्जटाउन या कॅथलिक विद्यापीठाने पूर्णवेळ इमाम नेमला. मग शिक्षणाची गरज निर्माण झाली आणि कनेटिकटमधल्या हार्टफर्डच्या ख्रिस्ती धर्मविद्यालयात इंग्रिड मॅटसन यांनी मुस्लिम धर्मसेवकांचा अभ्यासक्रम उभा केला. म्हणजे आधी जागा, मागून शिक्षण. आरतीताईंच्या मुद्द्याला हे थेट धरून आहे.

रुग्णालयात काम करायचं असेल तर प्रत्यक्ष वॉर्डात देखरेखीखाली शेकडो तास काढावे लागतात. गटात बसून स्वतःच्या भेटींचा शब्दशः वृत्तांत वाचायचा आणि सहकाऱ्यांनी सांगायचं, 'इथे तू रुग्णाचं ऐकलं नाहीस, उपदेश केलास.' पाद्री, रब्बी, इमाम सगळे एकाच गटात. माझी एक मैत्रीण यातून गेली, ती म्हणते गप्प बसायला शिकणं सर्वांत अवघड गेलं.

मशिदींची स्थिती मात्र इथेही तीच. कमिटीला इजिप्तहून किंवा पाकिस्तानातून उत्तम कुराण पढणारा माणूस हवा असतो, आणि तरुण मुलांना त्यांचं ऐकून घेणारा.

खानदेशी_मास्तर

मी नंदुरबार जिल्ह्यात शाळेत होतो, आता निवृत्त. अक्कलकुव्याचा जामिया माहीत असेल तुम्हाला. गुलाम मोहम्मद वस्तानवी साहेबांनी उभा केलेला. मदरशाबरोबर आयटीआय, फार्मसी, इंजिनिअरिंग आणि पुढे वैद्यकीय महाविद्यालयापर्यंत गेले ते. २०११ मध्ये काही महिने देवबंदचे प्रमुखही होते. विषय युरोपचा आहे म्हणून थोडक्यात एवढंच विचारतो: हाफिज झालेला (कुराण पाठ केलेला) मुलगा तिथे दुसरा व्यवसायही शिकू शकतो, म्हणजे कमिटीच्या पगारावर लाचार राहत नाही. ब्रिटनमध्ये दारुल उलूमच्या मुलांना अशी सोय आहे का?

बाणकोटचा_लेस्टरकर

मास्तर, प्रश्न अचूक आहे. पूर्वी दारुल उलूमच्या सनदेला बाहेर किंमत नव्हती. मुलगा आठ वर्षं शिकून टॅक्सी चालवायचा, सकाळ-संध्याकाळ मदरशात मुलांना सबक द्यायचा. आता हळूहळू बदलतंय. शालेय परीक्षा सोबत देतात. २००९ मध्ये केंब्रिज मुस्लिम कॉलेज निघालं, अब्दुल हकीम मुराद यांच्या पुढाकाराने. त्यांचा पहिला अभ्यासक्रमच दारुल उलूममधून आलिम होऊन आलेल्यांसाठी एक वर्षाचा होता: ब्रिटनचा इतिहास, विज्ञान, समुपदेशन, इतर धर्म. त्यांच्या आधीच्या शिक्षणाला कमी न लेखता त्यावर पुढचा मजला चढवला, म्हणून मुलं गेली. लेस्टरजवळ मार्कफील्डला धर्मसेवकांचं प्रमाणपत्र मिळतं. आणि पगारी जागा कुठे आहेत? तुरुंगात आणि एनएचएसमध्ये (इथल्या सरकारी आरोग्यसेवेत). इंग्लंड-वेल्सच्या लोकसंख्येत आम्ही साडेसहा टक्के, तुरुंगात सुमारे अठरा टक्के. त्यामुळे तुरुंगात पूर्णवेळ इमाम आहेत. हा आकडा लिहिताना मन जड होतं, पण खरं आहे की चांगला शिकलेला आलिम मशिदीपेक्षा तुरुंगात जास्त कमावतो, आणि माणसाचं ऐकणंही तिथेच शिकतो.

एक उदाहरण देतो, याने काय होऊ शकतं त्याचं. २०२० मध्ये इंग्लंडमध्ये अवयवदानाचा कायदा बदलला, नकार नोंदवला नसेल तर संमती धरायची. आमच्या समाजात प्रचंड गोंधळ. त्याच्या आदल्या वर्षी मुफ्ती मोहम्मद झुबैर बट यांनी सविस्तर फतवा दिला होता, काही अटींवर अवयवदान जायज आहे असा. ते स्वतः रुग्णालयात सेवा करणारे. फिक्हचे सगळे जुने मतभेद एकेक करून तपासलेत आणि अतिदक्षता विभागात नेमकं काय घडतं तेही माहीत आहे. सगळ्यांना पटला असं नाही. पण माझ्या वडिलांसारख्या म्हाताऱ्या माणसाने तो आपल्या इमामाबरोबर बसून वाचला. सरकारी पत्रक त्यांनी उघडलंही नव्हतं.

नदीपल्याड

मग आरतीताई, तोडगा काय? जर्मनीत मशिदींना पैसा येणार कुठून? ऑस्ट्रियाने तर परदेशी पैसा कायद्यानेच बंद केला ना?

आरती_राईनकाठ

हो, २०१५ मध्ये. ऑस्ट्रियात इस्लामला १९१२ पासून कायदेशीर मान्यता आहे, बोस्निया ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात घेतला त्याचा परिणाम. बोस्नियाचं उदाहरण खरंतर सर्वांत जवळचं: साराएवोचा गाझी हुसरेव-बे मदरसा १५३७ पासून चालू आहे, १९७७ मध्ये तिथे इस्लामी विद्याशाखा निघाली, आणि इमाम त्यांच्याच इस्लामी समुदायाच्या व्यवस्थेत नेमले जातात. युरोपीय मुसलमानांनी हे आधीच केलेलं आहे.

जर्मनीत तीन गोष्टी शक्य वाटतात. मुस्लिम संघटनांना चर्चसारखा सार्वजनिक संस्थेचा दर्जा मिळाला तर त्या आपल्या सभासदांकडून कर घेऊ शकतील. हेसेन राज्यात अहमदिया पंथाला तो २०१३ मध्ये मिळाला, बाकी मोठ्या संघटनांना नाही. पण तो कर भरायला लोक तयार होतील का, हे संघटनांनाही आत्ताच विचारावं लागेल. दुसरं, छोट्या मशिदींनी पाच-सहा मिळून एक इमाम नेमायचा. तिसरं, आणि हे माझ्या हातातलं: रुग्णालयांनी, तुरुंगांनी, वृद्धाश्रमांनी अर्धवेळ का होईना पगारी जागा काढायच्या, ज्यात बायकाही येतील. अर्धा पगार इथून, अर्धा मशिदीकडून. शुभदाताईंनी लिहिलं तसं, आधी जागा.

आमच्या विभागाच्या पुढच्या बैठकीत मी हा विषय मांडते आहे. लेस्टरकरदादा, एनएचएसमध्ये अशा जागेसाठी काय पात्रता मागतात, कामाचे तास किती, रात्री बोलावलं तर भत्ता कसा, याची जाहिरात तुमच्याकडे असेल तर व्यक्तिगत निरोपातून पाठवाल का? मला जर्मनमध्ये भाषांतर करून जोडायची आहे.

बाणकोटचा_लेस्टरकर

माझा पुतण्या त्याच कामात आहे. आज रात्री त्याच्याकडून घेऊन पाठवतो. त्याच्या खात्यात एक बाईही आहेत, त्यांच्या जागेची जाहिरात वेगळी होती, तीही मागतो.